भुऱ्याला कुणी काय घातलं

अण्णा,

आज शेजारच्या काकूंकडे जाऊन आले. तुम्ही असतात तर फाटकातच अडवलं असतंत, "त्या घरात कशाला तडमडायला गेलीस?" म्हणून. तेव्हा आधी तुम्हालाच सांगते: आपल्या भुऱ्याला त्यांनी विष घातलं नव्हतं. निदान मला तरी आता तसं वाटतं. शंभर टक्के खात्री मला कशाचीच नसते, मुलगी तुमचीच ना!

तुमचा संशय म्हणजे काय होता, बाई गं! दूधवाला पाणी घालतो, भाजीवाल्याचा काटा खोटा, मी मैत्रिणीकडे अभ्यासाला गेले की सायकल काढून तुमची त्या गल्लीतून एक चक्कर ठरलेली. अंबडच्या कारखान्यात दुसऱ्याने तपासून पास केलेला तयार भागसुद्धा तुम्ही पुन्हा मोजून बघायचात. विश्वास फक्त भुऱ्यावर. कारखान्याच्या गेटपाशी सापडलेलं ते कुत्र्याचं तांबूस पिल्लू तुम्ही शर्टात घालून आणलं आणि सगळ्यात आधी शिकवलं काय, तर तुमच्या हातचं सोडून कुणाच्या हातचं खायचं नाही. परीक्षा घ्यायला माझ्या हातात पेढा द्यायचात. भुऱ्या पेढ्याकडे बघून लाळ गाळतोय, पण मान तुमच्याकडे. आई म्हणायची, "पोरीला एवढं वळण लावलं असतंत तर!"

आणि उन्हाळ्याच्या तोंडावर द्राक्षं. सायखेड्याचे ते तुमचे मित्र, बाग असलेले. माल पेटीत भरताना घडातले बारके, तडकलेले मणी कात्रीने काढून टाकतात, त्यांचा ढीग पडायचा. "न्या की घरी, लय हाय," म्हणायचे ते. तुम्ही पिशवी भरून आणायचात आणि फवारणीचं औषध राहिलं असेल या धास्तीने मिठाच्या पाण्यात तीन-तीनदा धुवायचात. मग पायरीवर बसून एक मणी मला, एक भुऱ्याला. तो हवेतच झेलायचा. तुम्ही हसून म्हणायचात, "नाशिकचं कुत्रं आहे, द्राक्षं नाही खाणार तर काय पेरू खाणार?" इतके खूश तुम्ही एरवी कधी दिसायचा नाहीत, म्हणून ती पायरी मला अजून लख्ख आठवते.

त्या वर्षी पिशवी मोठी होती, बहुतेक. मी नववीत होते, एवढं नक्की. दुसऱ्या दिवशी भुऱ्या ओकायला लागला. मग मोरीतल्या गार फरशीवर जाऊन पडला तो उठेचना. भाकरीला तोंड लावेना, लघवी बंद झाली. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, म्हणाले, "काहीतरी विषारी पोटात गेलंय." विषारी! तुम्हाला तेवढंच पुरे होतं. शेजारचे काका रेल्वेत, इगतपुरीला रात्रपाळी करून यायचे आणि दिवसा झोपायचे. भुऱ्याच्या भुंकण्याला वैतागून चारचौघांत म्हणाले होते, "ह्याचा एकदा बंदोबस्त करायला पाहिजे." त्यात त्याच आठवड्यात किराणा दुकानात त्यांना उंदराचं औषध घेताना तुम्ही पाहिलं होतं. झालं. जो कुत्रा तुमच्याशिवाय कुणाच्या हातचं खात नव्हता, त्याने त्यांच्या हातचं कसं खाल्लं, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. आम्हाला विचारायची हिंमत नव्हती आणि तुम्हाला गरज नव्हती.

भुऱ्या गेला त्या सकाळी तुम्ही त्यांच्या फाटकाशी उभे राहून ओरडलात, "मुक्या जनावराला विष घालता? लाज नाही वाटत?" काका बनियनवर, तोंडात ब्रश. फेस पुसत म्हणाले, "मी? मी कशाला घालू?" आणि वळून आत घराकडे बघायला लागले. पुढे कित्येक वर्षं तुम्ही आम्हाला ते सांगायचात, "बघितलंत ना, नजर कशी चुकवली!" मग मधली भिंत डोक्याच्या वर गेली. तुम्ही आजारी पडलात तेव्हासुद्धा ते आले नाहीत आणि तुम्ही गेलात तेव्हा ती दोघं गॅलरीत नुसती उभी राहिली.

आता मीही कुत्री पाळली आहे. पंधरा दिवसांपूर्वी लस द्यायला नेली, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चॉकलेट, कांदा देऊ नका. आणि द्राक्षं, मनुका तर अजिबात नाही." मला हसूच आलं. म्हटलं, ही मुंबईहून नवीन आलेली दिसते, हिला काय माहीत नाशिक. विचारलं, काय होतं हो द्राक्षांनी? तर त्या सांगायला लागल्या: उलट्या, खाणं बंद, मग मूत्रपिंडं जातात, लघवी थांबते. सगळ्याच कुत्र्यांना होतं असं नाही, पण कुणाला बाधेल ते आधी सांगता येत नाही. हे आत्ता आत्ता कळलंय म्हणे, तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. मी त्यांना भुऱ्याचं सगळं सांगितलं. म्हणाल्या, आता इतक्या वर्षांनी छातीठोक नाही सांगता येणार, पण लक्षणं तीच आहेत. माझा विश्वास बसेना. दुसऱ्या डॉक्टरांनाही विचारून आले. तेही तेच म्हणाले.

म्हणून आज काकूंकडे गेले. काका मागच्या वर्षी वारले, दिवसभर त्या एकट्याच असतात. मी सगळं सांगितलं, द्राक्षांसकट. मला वाटलं होतं, चिडतील, तुमच्या नावाने बोटं मोडतील. तर त्या म्हणाल्या, "तुझे अण्णा ओरडले ना, तेव्हा ह्यांनी वळून माझ्याकडं बघितलं. भुऱ्यानं माझे वाळत घातलेले पापड तुडवले होते. रागात बोलून गेले होते मी, घालते मेल्याला काहीतरी. नुसतं बोलले गं. पण ह्यांच्या मनात ते बसलं ते बसलंच. भांडण झालं की म्हणायचे, कुत्र्याला घातलंस, उद्या मला घालशील. शेवटी अंथरुणाला खिळले तर गोळी माझ्या हातून घेईनात. पोरगा कामावरून येईस्तोवर तसेच कण्हत पडायचे." आणि मग, "वर्षभर आधी का नाय आलीस गं?" मलाच कुठे माहीत होतं!

अण्णा, तुमचा इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. एका डरकाळीत त्या बाईचा संसार नासवलात आणि तुम्हाला पत्ताही नाही. मग ती पायरी आठवली, तीन पाण्यांनी धुतलेले ते मणी, आणि तुमच्यासाठी इतकं भरून आलं की काकूंसमोरच रडले. बरं झालं तुम्ही हे वाचणार नाही. भुऱ्याच्या पोटात विष तुमच्याच हाताने गेलं, हे तुम्हाला सोसलं नसतं. तेव्हा हे कुठे पाठवायचा प्रश्नच नाही.

फक्त एक राहिलं. माझे डोळे पुसून काकूंनी चहा केला, कप माझ्यापुढे सरकवला. सगळं कळलेलं असूनसुद्धा, त्यांनी त्यांच्या कपातला पहिला घोट घेईपर्यंत मी माझ्या कपाला हात लावला नाही. आणि काकूंच्या ते लक्षात आलं.