बुजवलेलं भोक

चिंचवड,
४ फेब्रुवारी १९५७

तीर्थस्वरूप इंदुताईस, मालोजीचा शि. सा. न. वि. वि.

तू धाडलेलं कुळथाचं पीठ पोचलं. पोस्टात तू बदकासारखी डुलत गेली असशील, ते इथून दिसलं.

ताई, एक गोष्ट मनाला सलते आहे. आमच्या ओतकामात वितळलेलं लोखंड ओतण्याआधी वाळूच्या साच्याला तारेने बारीक छिद्रं पाडावी लागतात, म्हणजे आतली तापलेली हवा निघून जाते. परवा घाईत मी ते टाळलं. पंपाच्या ओतिवात, म्हणजे ओतून काढलेल्या भागात, पोकळ भोक राहिलं. इथे त्याला ब्लोहोल म्हणतात. मी मेणात लोखंडाचा कीस कालवून ते बुजवलं आणि वर रंग फासला. मीरासाहेब मिस्त्री माझं काम म्हणून न तपासताच पुढे गेले. महिनाअखेर मला कायम करणार आहेत, आणि तो पंपही तेव्हाच तळेगावला जायचा आहे. कबूल केलं तर नोकरी जाईल, गप्प बसलो तर एखाद दिवशी पंप फुटेल. घास उतरत नाही. काय करू ते कळव.

तुझा,
मालोजी

गुहागर,
९ फेब्रुवारी

चि. मालोजीस अनेक आशीर्वाद.

मला बदक म्हणतोस, ये तर खरा, कान उपटते. पत्र दोनदा वाचलं. ब्लोहोल म्हणजे काय ते शाळेच्या मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, की देवमाशाच्या डोक्यावरच्या श्वासाच्या भोकालाही तेच नाव, आणि आपल्या कड्यावरचं जे भोक भरतीचं पाणी उडवतं त्यालाही तेच.

ते कड्यावरचं भोक तू नऊ वर्षांचा असताना बुजवलं होतंस. वाळत घातलेली मासळी भिजते म्हणून धोंडे ठोकून बसवलेस आणि शाबासकी घ्यायला घरी पळालास. मी मासळी गोळा करत होते. भरती आली, समुद्राने धोंडे उडवले, त्यातला एक माझ्या घोट्यावर बसला. शेवाळावरून घसरले असं मी आबांना सांगितलं, नाहीतर त्यांनी तुला सोलून काढलं असतं. अठरा वर्षं हे मनात ठेवलं. आजही सांगितलं नसतं, पण त्या पंपाजवळ कोणाची तरी ताई उभी असेल. नोकरीचं पुढे पाहू, घरात भात आहे.

जेवत जा.
तुझी ताई

चिंचवड,
१६ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप ताईस, शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि तसाच मीरासाहेबांकडे गेलो. त्यांनी पंपाला पेटता दिवा भिडवून पाहिला. मेण वितळून खाली आलं. मग घण माझ्याच हातात दिला आणि म्हणाले, की भोकाचा राग नाही, रंगाचा आहे. माझं ओतीव मी सगळ्यांसमोर फोडलं. नोकरी राहिली, पण कायम होणं सहा महिने पुढे गेलं. आता साच्याला छिद्रं पाडताना ते रोज शेजारी उभे राहतात. मला त्याची लाज वाटत नाही.

शिमग्याला येतो आहे. ताई, अठरा वर्षं मी तुझ्या चालण्याला हसलो आणि तूही माझ्याबरोबर हसत राहिलीस. आल्यावर आधी त्याच पायावर डोकं ठेवणार आहे, मागे घेऊ नकोस.

तुझ्या लोभावरच उभा असलेला,
मालोजी