मुद्दाम फाडलेला आवाज

नाना, तुम्ही गेलात तेव्हा माझी मुलगी पाळण्यात होती. आता ती नोकरी करते, आणि मागच्या रविवारी तिच्या स्कूटरवर मागे बसून मी नारायण पेठेत, तुमच्या गल्लीत गेले होते. तुमचं लाउडस्पीकर दुरुस्तीचं दुकान होतं तिथे आता चष्मे विकतात. त्याच्या पुढे कोपऱ्यावर वाद्यांचं दुकान आहे. मुलीला तिच्या गिटारसाठी एक वस्तू पाहायची होती. विजेवरची गिटार, नाना, लाउडस्पीकरला जोडल्याशिवाय धड ऐकूही येत नाही ती. तिथे माझ्या हातून जे झालं ते का झालं, हे तुमच्याशिवाय कोणाला कळायचं नाही, म्हणून लिहायला बसले.

तुमचा सगळा जन्म एकाच शत्रूशी भांडण्यात गेला. आवाज फाटता कामा नये. स्वयंपाकघरात आपण जेवायला बसलेलो असायचो, शेजाऱ्यांच्या रेडिओवर बातम्या चालू असायच्या, आणि मध्येच तुमचा घास हातात थांबायचा. "घरघरतंय," तुम्ही म्हणायचात. आई म्हणायची, "घरघरू दे. आमटी निवतेय." तुम्ही उठायचात, हात धुवायचात आणि न बोलावता शेजाऱ्यांकडे जायचात. सातवीनंतर माझी शाळा सुटली आणि तुम्ही मला दुकानात बसवलंत. सुट्या भागांच्या डब्यांवरची अक्षरं, सोल्डरिंगचं टोक पुसायला आणलेल्या रद्दीतल्या गोष्टी, जे हाताला लागेल ते वाचत राहिले, आणि तो नाद पुढे कोथरूडच्या वाचनालयापर्यंत टिकला. पण वाचण्याआधी मी ऐकायला शिकले. पलीकडच्या आळीत सत्यनारायणाची पूजा होती, तुम्ही कर्णे बांधले होते आणि मला यंत्रापाशी बसवलं होतं. आरती सुरू झाली, मला जोर चढला, मी बटण पार टोकाला नेलं. तुम्ही शिडीवरूनच ओरडलात, "लोक आरती ऐकायला आलेत, चादर फाडलेली ऐकायला नाही!" सगळे हसले. घरी येताना तुम्ही नीट समजावलंत. आवाज फाटला की स्पीकरची कॉइल जळते. तेव्हा आधी वीज तोडायची, मग कारण शोधायचं. विचार करत उभं राहायचं नाही. लग्नात तुम्ही मला जुन्या भागांतून स्वतः जोडलेला रेडिओ दिलात. तो अजून ओट्याच्या वरच्या फळीवर आहे आणि त्याचा आवाज अजून स्वच्छ आहे.

ह्यांना जाऊन आता काही वर्षं झाली. गिटार ह्यांनीच आणली होती, मुलगी बारावी झाली तेव्हा. ह्यांना संगीतातलं काही कळत नव्हतं. संध्याकाळी कंपनीतून आले की पेपर घेऊन तिच्या खोलीच्या दारात खुर्ची टाकायचे आणि ती वाजवायला लागली की पेपराआडून पाय हलायचा. ते गेल्यावर ती हेडफोन लावून वाजवायला लागली. घरात फक्त तारांची टिकटिक ऐकू यायची, खिडकीच्या काचेवर नखं वाजवावीत तशी. मी भाजी चिरत असते, ती आत टिकटिक करत असते, आणि दोघींच्या मध्ये ती रिकामी खुर्ची. मला वाटायचं, तिचं तिला हवं तसं दुःख करू दे. दोन महिन्यांपूर्वी तिने सांगितलं की मैत्रिणींबरोबर वाघोलीला फ्लॅट घ्यायचा विचार आहे. ऑफिस तिकडून जवळ, आणि तिथे मोठ्याने वाजवता येईल. मी "बरं" म्हणाले. मग गॅस बंद केलाय की नाही ते पाहायला आत गेले. तो बंदच होता.

तर रविवारी त्या दुकानात. मालकांना मुलगी चाचा म्हणते. चाचांचं मराठी अस्सल पेठेतलं, म्हणजे बोलतात कमी आणि लागतं जास्त. मला स्टूल दिलं. मुलीच्या पायापाशी पत्र्याची एक डबी ठेवली, साबणाच्या वडीपेक्षा थोडी मोठी, वर तीन बटणं आणि पायाने दाबायची एक खुंटी. "आई, याला फझ पेडल म्हणतात," ती म्हणाली. आधी तिने साधं वाजवलं. छान होतं, गोड. मग तिने पायाने खुंटी दाबली आणि तार छेडली.

नाना, आवाज फाटला. थोडाथोडका नाही, आडवातिडवा फाटला, सत्यनारायणाच्या त्या कर्ण्यासारखा. मी स्टुलावरून कधी उठले मला आठवत नाही. भिंतीवरचं बटण दिसलं ते खटकन बंद केलं. अख्खं दुकान गप्प झालं. पलीकडे एक गृहस्थ कीबोर्ड वाजवून पाहत होते, त्यांची बोटं चालूच होती आणि आवाज गेलेला. पंखाही हळूहळू थांबला.

"आई!" मुलगी लालबुंद झाली होती.

"अगं, कॉइल जळेल," मी म्हणाले.

चाचांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "ताई, बिघडलेलं नाही ते. बिघडवण्यासाठीच घेतात. आणि पंखा तेवढा चालू करा, त्याचा काही अपराध नाही."

कीबोर्डवाले गृहस्थ हसले. मुलगी हसली नाही. गिटारकडे बघत हळू आवाजात म्हणाली, "म्हणूनच मी वाघोलीला जाते म्हणतेय. तुला नाही सहन होत."

मी भिंतीवरचं बटण पुन्हा लावलं. स्टुलावर येऊन बसले. मग म्हणाले, "पुन्हा वाजव. मी हात मांडीवर ठेवते." तिने माझ्याकडे संशयाने पाहिलं आणि वाजवलं. या वेळी मी तुम्ही शिकवलंत तसं ऐकलं, म्हणजे काय बिघडलंय ते शोधत. आणि नाना, ते बिघडलेलं नव्हतं. तो फाटका आवाज तिच्या बोटाचं ऐकत होता. गिटारवरचं एक बटण तिने किंचित मागे घेतलं तर आवाज निवळला, पुढे केलं तर पुन्हा फाटला, आणि किती फाटायचं ते तीच ठरवत होती. शेवटी तिने एकच तार छेडली आणि बोट दाबून धरलं. साधी गिटार असती तर केव्हाच विझली असती. हा सूर जाईचना. मधमाश्यांसारखा गुणगुणत राहिला, बारीक झाला, तरी होता. माझ्या स्टुलाच्या लाकडातून मला तो कळत होता. मला ह्यांची आठवण झाली, पण एरवी होते तशी नाही. त्यांना हे दाखवायला हवं होतं, एवढीच.

"कसं वाटलं?" मुलीने विचारलं.

"मधलं बटण जरा कमी कर. चरचरतंय."

तिने कमी केलं. चाचा म्हणाले, "ताईंचा कान तयार आहे." मी म्हणाले, "वडिलांचा आहे, मी फक्त वापरते." तुम्ही असतात तर नाक मुरडलं असतंत, मग त्यांच्याकडून स्क्रूड्रायव्हर मागून डबी उघडली असतीत, हेही मला माहीत आहे.

पेडल घेतलं. येताना अमृततुल्यात चहाला थांबलो. मी विचारलं, "मला सहन होत नाही, हे तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? बाबा गेल्यापासून तू रेडिओसुद्धा लावला नाहीस."

"तू हेडफोन लावून बसायचीस म्हणून नाही लावला. म्हटलं, पोरीला शांतता हवी आहे."

तिने कप खाली ठेवला. "मी तुझ्यासाठी हेडफोन लावायचे, आई."

मीही माझा कप खाली ठेवला. मग ती म्हणाली, "आपण दोघी पण ना, कमाल आहोत," आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. चहावाल्याने न विचारता आणखी एक कटिंग आणून ठेवला. बहुधा त्याला वाटलं, कुणाचं तरी लग्न मोडलं.

त्या संध्याकाळी तिने खोलीचं दार उघडं ठेवून वाजवलं. मी दारातल्या खुर्चीत बसले, पेपर न घेता. खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या. "काय हो, मिक्सर बिघडलाय का तुमचा?" मी म्हणाले, "नाही, गिटार आहे. जेवायच्या वेळेला बंद होईल." त्या म्हणाल्या, "आज जरा लवकर जेवा." सोसायटीत आता यावर बैठक होईल असं दिसतं. होऊ दे. आपला आवाज फाटलेला आहे की मुद्दाम फाडलेला, हे मी त्यांना समजावून सांगेन.

वाघोलीच्या फ्लॅटचं अजून ठरलेलं नाही. काल रात्री जेवताना तिने विचारलं, "मी गेले तर तुला चालेल ना? खरं सांग." मी म्हणाले, "चालेल गं. तुझं ऑफिस आहे तिकडे, रोजचा प्रवास किती करशील. खुशाल जा." चेहऱ्यावर काही न दाखवता म्हणाले आणि तिच्या ताटात पोळी वाढली. तिने विश्वास ठेवला असावा. ती जाईल किंवा नाही जाणार, तिचं वय आहे, मी अडवणार नाही, आणि गेली तरी शनिवार-रविवारी येईल. हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, म्हणून तुम्हाला तेवढं सांगते: "खुशाल जा" म्हणाले ते मनापासून नव्हतं. आज दुपारपासून ती आत नवीन काहीतरी बसवतेय, एकच तुकडा पुन्हा पुन्हा, आणि दर वेळी थांबली की मी लिहायची थांबते, पुन्हा सुरू होईपर्यंत.