हातात गेलेली उष्णता

४ मार्च

जमलं! साधं पाणी, दहा ग्रॅम मीठ — आणि स्टीलचा ग्लास आपोआप गरम! विस्तव नाही, वीज नाही. हे खायचं मीठ नव्हे. कॅल्शियम क्लोराइड, कंपनीतून आणलेलं. शेकायच्या पिशव्यांत तेच भरणार आहेत. पाण्यात विरघळताना त्यातून किती उष्णता निघते ते मी मोजायचं. बाबांना एकटं ठेवता येत नाही, म्हणून प्रयोगशाळा स्वयंपाकघरात थाटली आहे.

ढवळताना ग्लास डुगडुगतो. बाबांनी उजव्या हाताने धरला. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्या हाताची बोटं कशीबशी मिटतात, पण स्पर्श अजिबात कळत नाही. "तेवढाच उपयोग," म्हणाले.

६ मार्च

आकडा कमी येतोय. पुस्तकातल्यापेक्षा बराच! कंपनीतले साहेब फोनवर — "मीठ सादळलं असेल." नवी बरणी फोडली. रडगाणं तेच. डोक्याचा भुगा झालाय, पण मजाही येतेय. एवढी उष्णता जाते कुठे?

७ मार्च

चोर सापडला! बाबांचा तळहात!! ते आंघोळीला गेले तेव्हा एकटीने मोजलं, तर आकडा चढला. ते येऊन बसले, पुन्हा उतरला. म्हणजे उष्णता ग्लासातून सरळ त्यांच्या हातात शिरते.

विचारलं, "काही जाणवतं का हो?"

"अगं, लाकडाला काय जाणवणार?" स्वतःच हसले. मला नाही हसू आलं. मला आकड्यात दिसतं, आणि ज्यांचा हात त्यांनाच पत्ता नाही! फार वाईट वाटलं. डॉक्टर म्हणतात, स्पर्श परत येईल किंवा येणारही नाही.

९ मार्च

थर्माकोलच्या कपात मोजलं. आकडा चोख. साहेबांना कळवून टाकला. बाबा फुरंगटले — "म्हणजे आमची नोकरी गेली!"

१० मार्च

काम संपलं, तरी ग्लास मांडला. मिळू दे त्या हाताला ऊब. आकडा गेला खड्ड्यात!

१४ मार्च

ग्लास मांडतानाच साहेबांचा फोन. बोलता बोलता पाण्याचा ग्लास बाबांच्या उजव्या हातात दिला आणि मी ढवळत राहिले. त्यांचा डावा हात मांडीवर, लक्ष खिडकीबाहेर, मांजरांच्या भांडणात. मान न वळवताच म्हणाले, "आज गार का गं?"

मोजून ठेवलेलं मीठ कागदावर तसंच होतं.