योहेईचे नाव त्याला परत

लिहून ठेवणार सुगा, वय एकोणीस, दिवंगत कुरिहारा हेइमोन यांची मुलगी, मुक्काम त्सुकिओका किल्ला. डोके ठिकाणावर आहे. अक्षर सांभाळून घ्यावे. मठात गुरुमातेकडे लिहिणे शिकत होते. अशा कागदाची सुरुवात शिकून झाली, शेवट शिकायच्या आत सगळे सोडून इथे निघून आले, कारण कान्शिरो इथल्या तुकडीत आहे. हे लपवण्यात अर्थ नाही, साऱ्या किल्ल्याला ठाऊक आहे.

उद्या सकाळी लढाईसाठी किल्ल्याचा दरवाजा पुन्हा उघडेल. मी परतले नाही तर असे करावे.

पहिले. नदीकाठचे वडिलांचे घर शत्रूने जाळले, त्यामुळे वाटणीचा प्रश्न मिटला. घरामागच्या पर्सिमनच्या उंच झाडाची केशरी फळे शेजाऱ्यांनी खावीत.

दुसरे. माझे दोन किमोनो आणि शिंपल्याचा कंगवा दाई ओताकीला. चुलत बहीण ओतोसे हिला काहीही देऊ नये. "भाला धरलायस की केरसुणी?" असे तिने सगळ्यांदेखत विचारले होते. कंगव्याला हातसुद्धा लावू देऊ नये.

तिसरे. भाला कोणालाच नको. नदीत टाकावा. कारण पुढे येते.

चौथे, आणि हा कागद याच्यासाठीच आहे. काल ओढ्यापाशी माझ्यासमोर शत्रूकडचा एकजण आला. माझ्याच वयाचा, पायात गवती चपला, अंगावर मागून आणलेले चिलखत. लढण्याआधी नाव सांगायची रीत सरदारांची, प्याद्यांना ती कोण विचारतो? पण त्याने ताठ उभे राहून सांगितले, "मात्सुनोकी गावचा योहेई. आपण?" आणि भाल्याचे टोक खाली करून तो माझ्या नावाची वाट पाहत थांबला.

मला माझे नाव आठवेना. मी वार केला.

कान्शिरो धावत आला. मला वाटले, माझ्या काळजीने. तो म्हणाला, "बाईच्या नावावर मुंडकं चढत नाही, बक्षीस मिळत नाही, सुगा. फुकट जाईल. मला दे." मी दिले. त्याने मागितले असते तर माझेही दिले असते.

मग धन्यापुढे मांडायची मुंडकी धुवायला आम्ही बायका बसलो. मी योहेईचे केस विंचरत होते. कान्शिरो हळूच कानाशी येऊन म्हणाला, "दात काळे कर ना याचे. बड्या घरचा दिसेल." काळे दात थोरामोठ्यांचे असतात. मी लोखंडाचे काळे पाणी घेतले आणि एकेक दात रंगवला. मुंडक्याला बांधतात त्या नावाच्या पाटीवर लिहिले गेले, 'अनोळखी सरदार'. कान्शिरोला घोडा मिळाला आणि धन्याच्या पहाऱ्यात जागा.

नाव न सांगता मी त्याला मारले, आणि त्याचे नावही काढून घेतले. मात्सुनोकीत त्याची आई असेल तर ती अजून वाट पाहत असेल.

म्हणून दात घासून स्वच्छ करावेत. पाटीवर 'मात्सुनोकीचा योहेई' लिहावे. ओताकीचे माहेर नदीपलीकडे आहे, तिने त्याच्या केसांची बट त्याच्या घरी पोहोचवावी आणि मारणारीचे नाव सांगावे: सुगा. त्याने विचारले होते.

पाटी बदलायला मुंडके सादर करणाऱ्याची कबुली लागते. म्हणून हा कागद मी दुपारी कान्शिरोपुढे ठेवला. त्याने दोनदा वाचला. घोडा जाईल, जागा जाईल, कदाचित मानही. "तू मला बुडवतेयस," तो म्हणाला. मी म्हटले, हो. त्याने माझ्याकडे पाहिले नाही.

कान्शिरोबद्दल माझ्या मनात जे होते ते आहेच. ते कोणाला देण्यासारखे नाही, म्हणून वाटणीत धरलेले नाही.

शेवटी काय लिहितात ते मला येत नाही. एवढेच की यातले सगळे खरे आहे.

त्सुकिओका किल्ला, केइचो पाचवे वर्ष, नववा महिना, अकरावा दिवस.

सुगा

साक्षीदार: ओताकी, दाई. लिहिता येत नाही, अंगठा.

साक्षीदार: कान्शिरो. दात मी रंगवायला लावले. तो प्यादा होता.