दोनशे बारा बायकांच्या बाबतीत

मी, खाली सही करणारी, वय एकसष्ट, कर्करोगाच्या रेणवीय साथरोगशास्त्राची, म्हणजे गाठीतल्या खुणांवरून आजाराचा अंदाज बांधण्याच्या शास्त्राची, निवृत्त संशोधक. माझं डोकं ठिकाणावर आहे, यकृत नाही. हे मृत्युपत्र कोणाच्या दबावाखाली नव्हे, स्वतःच्याच धास्तीपोटी लिहीत आहे.

कलम १. राहता फ्लॅट, सामानासकट, माझ्या भाचीला. तिची आई, माझी धाकटी बहीण, माझ्यामुळे गेली. छातीच्या गाठीत आम्ही शोधलेली खूण कमी सापडली तर आजार सौम्य, केमोची गरज नाही, हा निष्कर्ष माझा. "ताई, तुझ्याच तपासणीत पास झाले की गं, मग केस कशाला घालवू?" असं हसत म्हणाली होती. दीड वर्षात गेली. भाची अजूनही मायेने मावशी म्हणते. मला ते ऐकवत नाही.

कलम २. चूक इथे लिहून ठेवते. आमच्या अभ्यासातल्या दोनशे बारा बायका मध्येच तपासणीला यायच्या बंद झाल्या. येत नाहीत म्हणजे बऱ्या असतील, असं धरून मी त्यांना अभ्यास संपेपर्यंत जिवंत मोजलं. एकीलाही फोन केला नाही. बहीण गेल्यावर केले. नवऱ्यांनी उचलले, मुलांनी उचलले, एका सासूने उचलला. एकशे सदतीस जणी कधीच गेल्या होत्या, बहुतेक 'सौम्य'वाल्या.

कलम ३. विभागप्रमुख म्हणाले, "बाई, झालं गेलं उकरून काय मिळणार?" अभ्यास छापणाऱ्या नियतकालिकाला चार पत्रं धाडली, ढिम्म. सत्कारात मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ विभागप्रमुखांना द्यावं. बंद आहे, त्यांना चालेल.

कलम ४. मी डोळे मिटताच गाठींच्या नमुन्यांचा फ्रीजर रिकामा करायचा विभागप्रमुखांचा बेत आहे. फ्रीजरकाका, तुम्ही तिथले तंत्रज्ञ, तुमच्या पाया पडते, तो बंद होऊ देऊ नका. त्या फोनांवर कळलेल्या मृत्यूच्या तारखांची वही तुम्हाला, बँकेतल्या ठेवी नमुन्यांच्या फेरतपासणीला. दुरुस्ती छापून येईपर्यंत हे मृत्युपत्र सांभाळणाऱ्या वकीलबाईंनी सगळ्यांच्या हात धुऊन मागे लागावं. आत्ता, या घडीला, कोणीतरी बाई तो 'सौम्य' रिपोर्ट घेऊन खुशीत घरी निघाली असेल. तिला थांबवा हो कोणीतरी!

कलम ५. माझीही गाठ त्याच फ्रीजरमध्ये आहे. खूण कमीच निघाली. मी गेले की त्याच दिवशी काकांना फोन करावा आणि वहीत माझ्या नावापुढे तारीख घालावी. मला जिवंत धरू नये.

ठिकाण: रुग्णालय, तिसरा मजला, खिडकीकडची खाट
दिनांक: ९ जानेवारी
सही: (वाकडीतिकडी, पण माझीच)

साक्षीदार, माझ्यासमक्ष:
१. वॉर्डच्या हेडसिस्टर
२. शेजारच्या खाटेवरच्या बाईंचे यजमान, निवृत्त पोस्टमास्तर