करकोचे आले, असं अण्णा म्हणाले

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर,
१ ऑक्टोबर २०२४

ती. अण्णांच्या चरणी शिवलीलाचा साष्टांग नमस्कार.

पत्रास कारण की आमच्याकडे थंडीचे पाहुणे यायला लागले. काल गच्चीवर कपडे वाळत घालत होते, तर टाकीजवळ यंदाचा पहिला धोबी पक्षी शेपटी वरखाली करत फिरत होता. हिमालयाकडून एवढा उडत आला आणि आल्या आल्या आमच्या टाकीची गळती तपासायला लागला. यंदा पहिला धोबी मी पाहिला, हे लेखी कळवते आहे. दरवर्षी तुम्ही आधीच ऐकल्याचा दावा करता आणि वहिनींची साक्ष काढता, ते आता चालणार नाही.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी दर रविवारी चनबसप्पा सरांच्या पक्षी मंडळाबरोबर हिप्परग्याच्या तलावावर जाते. सर आमचे म्होरके, आणि कडक. दुर्बिणी पिशवीत ठेवा, आधी ऐका, असा त्यांचा हुकूम असतो. थंडीत पहाटे तलावावर धुकं बसतं, तेव्हा आवाजावरूनच पक्षी ओळखावा लागतो, आणि त्यात आम्ही सगळे कच्चे. मग मी फुशारकीनं सांगून बसले की माझे मोठे बंधू अक्कलकोट तालुक्यात शेती करतात आणि डोळे मिटून पक्षी ओळखतात. लहानपणी तुम्हीच मला बांधावर बसवून एकेक आवाज शिकवलात की. आता १५ डिसेंबरच्या रविवारी सरांनी तुम्हाला आग्रहानं बोलावलं आहे. आला नाहीत तर मंडळात माझं नाक कापलं जाईल.

तुमच्या भाचीची, दानेश्वरीची, तब्येत छान आहे. जानेवारीतलं बाळंतपण पुण्याच्या डॉक्टरीणबाईंकडेच करायचं म्हणते, म्हणजे मलाच तिकडे जावं लागणार. तुम्हाला किती वेळा फोन केला, एकदाही उचलला नाहीत. रागावलात का? काशम्मावहिनींना नमस्कार. लोभ आहेच, तो पत्रातून वाहता ठेवावा.

तुमची धाकटी,
शिवलीला


शेतवस्ती, ता. अक्कलकोट,
१४ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. शिवलीलास अण्णाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. धोबी तुझ्या टाकीवर यायच्या आधीच आमच्या विहिरीवर उतरला होता. मी पाहिला नाही, ऐकला. तू पाहण्यातच अडकलीस, हीच तर शहरातल्या लोकांची गंमत आहे. परवापासून खोलीच्या पत्र्यावर थिरथिराही बोलायला लागला आहे. साक्षीला तुझी वहिनी आहेच. तिच्यावर विश्वास नसेल तर तो तुझा प्रश्न.

फोनचं म्हणशील तर ते यंत्रच मला पसंत नाही. लोक आजकाल बोलत नाहीत, नुसते पुटपुटतात. तू आपली पत्र लिही. पत्र कसं स्पष्ट असतं.

डिसेंबरचं आत्ताच सांगत नाही. ज्वारीची पेरणी चालली आहे, पुढं भोरड्यांचे थवे उतरतील, राखणीला माणूस मिळत नाही. तुझ्या सरांना माझा नमस्कार सांग. आधी ऐका म्हणणारा माणूस शहाणा दिसतो. दानेश्वरीला जपायला सांग. सगळ्यांस आशीर्वाद.

तुझा,
सोमलिंग


शेतवस्ती,
१५ ऑक्टोबर २०२४

शिवलीलाताईंना काशम्माचा नमस्कार.

ह्यांचं पत्र काल टपालात गेलं, त्याच्या मागनं हे मी गुपचूप लिहिते. सातवीपर्यंत शिकले, तेही कन्नडमधनं, चुकलंमाकलं समजून घ्या.

ताई, ह्यांचे कान गेलेत. एकदम न्हाय गेले, हळूहळू गेले, त्यामुळं ह्यांना वाटतं जगच हळू बोलायला लागलंय. धोबी मी ऐकला. थिरथिराही मीच ऐकला. सकाळी चहा देताना कानाशी तोंड नेऊन वरडून सांगते, हे मान हलवतात, आणि दुपारपर्यंत तो ह्यांनीच ऐकलेला असतो. त्याचं मला काय न्हाय. ह्यांनीच तर मला आवाज शिकवले. ह्यांची हौस माझ्या कानानं भागते तर भागू दे की.

माझं दुःख दुसरंच हाय. वस्तीवर आमी दोघंच. पूर्वी चुलीपुढं बसलो की भाकरी संपायची पण बोलणं संपायचं न्हाय. आता दरेक गोष्ट वरडून सांगायची म्हणजे गोष्टीतला जीवच जातो. जेवायला चला, हे वरडून सांगता येतं. मनातलं कसं वरडू? म्हणून बोलणंच सोडलं. लई एकटं वाटतं ताई. डॉक्टरचं नाव काढलं की म्हणतात, मला काय झालंय, लोकच पुटपुटतात.

डिसेंबरात ह्यांना बोलवू नका, चारचौघांत फजिती हुईल. आणि हे मी लिहिलं ते सांगू नका. माया असू द्या.

तुमची,
काशम्मा


सोलापूर,
२८ ऑक्टोबर २०२४

सौ. वहिनींना शिवलीलाचा नमस्कार.

फराळाच्या डब्यात हे पत्र चकल्यांखाली ठेवते आहे. अण्णांचे दात चकलीला उरले नाहीत, त्यामुळे तिथं ते हात घालणार नाहीत.

तुमचं पत्र वाचून आधी रडू आलं, मग अण्णांचा रागच आला. मोठे भाऊ आहेत म्हणून गप्प बसते. पण वहिनी, बोलावणं मी मागे घेणार नाही. उलट तुम्ही त्यांना घेऊनच या. आदल्या दिवशी माझ्याकडे मुक्कामाला या, रविवारी तलावावर मी त्यांच्या शेजारी उभी राहीन, फजिती होऊ देणार नाही. सोमवारी मला माझे कान तपासायचे आहेत असं मी सांगेन, आणि सोबत म्हणून त्यांना नेईन. एकदा खुर्चीत बसले की पुढचं डॉक्टर बघतील. कानाचं मशीन घातलं की माणूस म्हातारा होतो, असं त्यांना वाटत असणार. आपले अण्णा त्याआधीच म्हातारे झालेत, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

तुम्हाला बोलायला माणूस नाही, हे वाक्य डोक्यातून जात नाही. तोवर मला लिहीत जा, मी वाट पाहते.

तुमची नणंद,
शिवलीला


शेतवस्ती,
२६ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. शिवलीलास आशीर्वाद.

तुझ्या मंडळाचा आग्रह मोडवत नाही, तेव्हा येतो. तुझी वहिनीही सोबत येईल. तिला तलाव बघायची फार इच्छा आहे, असं मीच तिला सांगितलं.

इकडे भोरड्या पोचल्या. ज्वारी पोटरीत येते आहे आणि ह्या आत्तापासून बाभळीवर बसून तिचा अंदाज घेतात. धरणाच्या पाण्यावर चक्रवाकाची जोडी आहे. चार दिवसांपूर्वी वरून कांड्या करकोचे गेले, फार उंचावरून, घशातून घुमणारा आवाज करत. असा आवाज एकदा ऐकला की माणूस हातातलं काम ठेवून उभा राहतो. ह्या वयात माझा कान अजून शाबूत आहे ही सिद्धरामेश्वराची कृपा. चनबसप्पा सरांना सांग, तयारीत रहा.

चकल्या तुझ्या वहिनीनं एकटीनं संपवल्या. आशीर्वाद आहेतच.

तुझा,
सोमलिंग


शेतवस्ती,
१८ डिसेंबर २०२४

शिवलीलाताईंना काशम्माचा नमस्कार.

आजी झालात, लई आनंद झाला. नात महिनाभर आधी आली, तिलाही थंडीची घाई दिसते. दानेश्वरी सुखरूप हाय हे ऐकून जीव भांड्यात पडला. तुमी आमच्यासाठी शेजारी किल्ली ठेवून पुण्याला पळालात, म्हणून तलावावर काय झालं ते सगळं लिहिते.

जायच्या आधी ह्यांनी खुणा ठरवल्या. मी बांगडी फिरवली की धोबी, नाकाला हात लावला की चक्रवाक, कानावरनं पदर घेतला की करकोचे. म्हणजे ऐकू येत न्हाय हे तोंडानं न बोलता कबूलच केलं की. मला ते ठरवताना बरं वाटलं. लई दिवसांनी आमी दोघं मिळून कायतरी ठरवत हुतो.

धुकं एवढं की पाणी दिसंना. मी बांगडी फिरवली, ह्यांनी धोबी सांगितला. नाकाला हात लावला, चक्रवाक सांगितला. माणसं थक्क. हे असे ताठ उभे राहिले जसे काय वरातीतले नवरदेव. एवढ्यात तलावावरनं गार वारा सुटला आणि मी कानावरनं पदर घेतला. ह्यांनी वर हात करून सांगितलं, करकोचे आले. सगळे वर बघायला लागले. मी घाबरून पदर सोडला, कान परत गारठले, परत घेतला. हे म्हणाले, दुसरा थवा आला, पहिल्यापेक्षा मोठा हाय.

तेवढ्यात आमच्या मागं पाण्यावर चक्रवाकं एकदम वरडली. सगळी माणसं मागं वळली. हे एकटेच हात वर करून रिकाम्या आभाळाकडं बघत राहिले. कुणी हसलं न्हाय, पण सगळ्यांना कळलं. ह्यांनी माझ्याकडं बघितलं, मग ह्यांनाही कळलं.

चनबसप्पा सर ह्यांच्यासमोर येऊन उभे राहिले. डोक्याचा मफलर सोडला, कानामागनं मशीन काढलं आणि ह्यांच्या तळहातावर ठेवलं. मग कानाशी येऊन मोठ्यानं सांगितलं, की हे नव्हतं तेव्हा मी एसटीच्या ब्रेकला टिटवी म्हणायचो, आणि मंडळी लिहूनही घ्यायची. तेव्हा हे हसले, डोळे पुसत हसले. सोमवारी सरांनीच ह्यांना आपल्या डॉक्टरकडं नेलं.

मशीन आणलंय. पण घातलं न्हाय अजून. खिशात डबी घेऊन हिंडतात, मधेच उघडून बघतात आणि मिटतात. मी काय बोलत न्हाय. बोलून ऐकू येणार हाय व्हय? बाळबाळंतिणीला जपा.

तुमची,
काशम्मा


शेतवस्ती,
२७ डिसेंबर २०२४

चि. सौ. शिवलीलास अण्णाचे अनेक आशीर्वाद. नातीस गोड पापा.

तलावावरचं तुझ्या वहिनीनं लिहिलं असेलच, ते मी पुन्हा लिहीत नाही. मंडळाला करकोचे दाखवायचे राहिले, एवढं मान्य करतो.

काल सकाळी मशीन घातलं. कुणाला न सांगता, ज्वारीत जाऊन. नाही जमलं तर कुणाला कळायला नको असं ठरवलं होतं. आधी काही समजेना. पानं एवढी वाजतात हे मी विसरलो होतो. आपलीच चप्पल मागून कुणी येत असल्यासारखी वाजत होती. मग बाभळीवरच्या भोरड्या एकदम उठल्या आणि शिवलीला, काय तो गलका. मी बांधावर खाली बसलो. गोफण हातात होती, फिरवायचं सुचलं नाही. पाखरांनी बरीच ज्वारी खाल्ली असेल, खाऊ देत.

आपण स्वतः ऐकलं, हे काशम्माला सांगावं म्हणून लगबगीनं घराकडे आलो. गोठ्यात कुणाशी तरी कन्नडमधून बोलणं चाललं होतं. मला वाटलं तिच्या माहेरचं कुणी आलं. डोकावलो, तर ती गाईची धार काढत होती आणि गाईला सांगत होती. दानेश्वरीला मुलगी झाली, ती रंगानं आजीवर गेली. यंदा तूर बरी आहे. दिवाळीपासून गुडघा दुखतो, रात्री कूस बदलता येत नाही. आमचा माणूस वाईट नाही, पण कुठं लांब जाऊन बसलाय, हाक पोचत नाही. रोज सांगत असावी, कारण गाय अगदी सवयीनं ऐकत होती.

मला फार वाईट वाटलं. एका घरात राहून मला ह्यातलं काही माहीत नव्हतं. जागेवरूनच, नेहमीच्या आवाजात विचारलं की कुठला गुडघा. ती धार काढता काढता, मागे न बघता म्हणाली की डावा. आणि मग तिचे हात थांबले.

तेव्हापासून आम्ही बोलतो आहोत. काल दोन्ही वेळची भाकरी करपली. सोमवारी वेळ अमावास्या, आपली येळवस आहे, दानेश्वरीला सोडून तुला येता येणार नाही हे कळतं, तरी रानात तुझ्या वाटणीची भज्जी आणि आंबील बाजूला काढून ठेवू. आणखी पुष्कळ लिहायचं होतं, पण आता थांबतो. काशम्मा बोलते आहे.

तुझा,
सोमलिंग