मामाची पायपेटी

४ जून
आलो एकदाचे. मामाच्या पश्चात त्याचं घर मला मिळालं, यावर आईचा अजून विश्वास बसत नाही. खोल्या तीन, खिडक्या सात, आणि बैठकीत माझ्या छातीएवढी उंच पायपेटी. पेडल मारलं तर नुसती फुसफुस. मामी गेल्यापासून मामाने पेटीला हात लावला नव्हता, म्हणे. आईला म्हटलं, हिला गायला लावते की नाही बघ.

७ जून
पेटी दुरुस्त करणारे काका येऊन गेले. गृहस्थ माणसांपेक्षा पेटीशीच जास्त बोलतात. मागची फळी काढून त्यांनी भाता दाखवला. कातडं विरलेलं नाही, सुरीने सरळ कापलंय. मुद्दाम कापलेलं जोडू नये, असं त्यांचं मत पडलं. आईनेही री ओढली, तिचा दादा, म्हणजे मामा, उगाच काही करणारा नव्हता. झालं, माझं डोकं फिरलं. म्हटलं, तुम्ही राहू द्या, मीच जोडते.

११ जून
नवं कातडं सरसाने चिकटवलं, वर दोन दिवस जड इस्त्री. जमलं की. असा सूर लागला की अंगावर काटा आला. आई कौतुकाने ऐकत होती. मी थांबले तशी मटकन खाली बसली. दम लागला म्हणाली.

१२ जून
तीनदा तेच. मी वाजवते तोवर ती ठणठणीत. भाता बसला की तिचा श्वास अडकतो. डॉक्टर म्हणतात छाती साफ आहे.

१३ जून
आईचे ओठ निळे पडले. धावत जाऊन पेडल मारलं, तेव्हा कुठे श्वास आला. काकांना फोन केला. मामाच्या वेळीही पेटी तेच बघायचे. म्हणाले, मामी शेवटचे नऊ दिवस पेटीशेजारीच झोपून होती, मामाचे पाय सुजून खांब झाले होते. भाता त्याने ती गेल्यावर कापला की आधी, हे मामाला विचारायचं त्यांना धाडस झालं नाही.

१४ जून
पाय पेडलवर, वही मांडीवर. शेजारीणबाईंनी मारून पाहिलं, उपयोग नाही. ज्याने जोडलं त्याचाच पाय लागतो. आईची खाट पेटीला लावून घेतलीय. पुरे कर म्हणते. मीच केलं हे. मीच—

१५ जून
पोटऱ्यांत गोळे. डोळा लागला होता, तिच्या घरघरीने—

१६ जून
फळं कापायची सुरी आईच्या हातात आहे. मागची फळी उघडीच. तिचा हात भात्यापर्यंत पोचतो. उठून हिसकावावी तर पाय थांबतील—
ती कुशीवर वळतेय. आई, नको. मी दमले नाहीये, बघ ना, अजून कितीतरी वेळ मी